डाव्या हाताचे सहा आठवडे

रविवार, पहाटे

प्रिय मित्रा,

तुझं पत्र येऊन अकरा दिवस झाले. उत्तराला उशीर का झाला ते तुला ठाऊकच आहे. प्लास्टर निघालं तरी पेन धरून सलग लिहिणं कालपर्यंत जमत नव्हतं. आजही अर्धं पान झालं की मनगट ठणकायला लागतं, मग थांबतो, चारदा मूठ उघडमीट करतो आणि पुन्हा लिहायला घेतो. टाइप करून पाठवता आलं असतं. पण तू चार पानं हाताने लिहिलीस आणि त्यातलं एक वाक्य इतके दिवस माझ्या मनातून हललं नाही, म्हणून त्याला उत्तरही हातानेच द्यावंसं वाटलं.

तू लिहिलंयस, "निदान एक आठवडा तरी असा जावा, की काही म्हणजे काहीच बिघडू नये."

छतातून गळणारं पाणी, अगदी हाताशी येऊन हुकलेली बदली, कुलपातच मोडलेली किल्ली, पाच मिनिटांनी चुकलेली शेवटची गाडी आणि फलाटावर काढलेली रात्र. तीन आठवड्यांत एवढं सगळं. तुला त्रास झालाच असणार, तो मी कमी लेखत नाही. पण तुला हवा आहे ना, तसा आठवडा मला मिळाला होता. एक नाही, जवळजवळ वर्षभर मिळत राहिले. तुला त्याबद्दल कधी लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही घडतच नव्हतं.

गेलं वर्ष तसं होतं. नोकरी अंगवळणी पडली होती, घराची घडी बसली होती. ठरलेल्या वेळी जाग, ठरलेली गाडी, तोच डबा, तीच खिडकी. घरातलं एकही यंत्र बंद पडलं नाही. भांडण नाही, आजारपण नाही. एकदा रात्री सहज दैनंदिनी चाळायला घेतली, तर मार्चची पानं काढून ऑगस्टच्या जागी लावली असती तरी मला पत्ता लागला नसता. पानोपानी एकच शब्द होता, 'नेहमीप्रमाणे'. वाचता वाचता मला वाईट वाटलं नाही रे, भीती वाटली. अख्खं वर्ष गेलं होतं आणि त्यातला एक दिवसही मला ओळख देत नव्हता.

पुढच्याच आठवड्यात ओल्या पायरीवरून पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर.

पहिले दोन दिवस नुसती चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बटणं लावायला बसलो. पहिल्या बटणाला चार मिनिटं लागली. बटण लावताना दोन्ही हातांची कामं वेगळी असतात, याकडे मी जन्मात कधी लक्ष दिलं नव्हतं. एक हात काजाची कड ताणून धरतो आणि दुसरा बटण तिरकं करून आत सरकवतो. आता ही दोन्ही कामं एकाच हाताच्या बोटांनी वाटून घ्यायची होती. डाव्या हाताने दात घासायला गेलो तर ब्रशच्या जागी डोकंच हलायला लागलं. बुटाच्या नाडीने मात्र मला खरा आनंद दिला. नाडीच्या एका टोकाला गाठ मारायची, ती सगळ्यात खालच्या भोकाशी अडकवायची, दुसरं टोक नागमोडी ओवत वर न्यायचं आणि शेवटी तिच्याच वेढ्याखाली खोचायचं. एका हाताचं काम. मला ते जमलं त्या दिवशी मी घरात बूट घालून अर्धा तास फिरत होतो.

आणि कात्री! आमची कात्री डाव्या हाताने चालेचना, कागद पात्यांमध्ये दुमडला जायचा. मला वाटलं धार गेली. ऑफिसात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्याने तेव्हा सांगितलं, की उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं नकळत पाती एकमेकींवर दाबत असतात, तोच दाब डाव्या हातात आला की पाती एकमेकींपासून दूर जातात. त्याला हे माहीत होतं, कारण तो डावखुरा आहे. दोन वर्षं मी त्या माणसाच्या शेजारी बसतोय आणि तो डावखुरा आहे हे मला दिसलं नव्हतं. त्याची कात्री वेगळी आहे, तो वहीचा कोन वेगळा ठेवतो, लिहिलेली ओळ हाताखाली पुसली जाऊ नये म्हणून मनगट किती वळवतो, सगळं तेव्हा पाहिलं. आता आम्ही चांगले मित्र आहोत. तुझी-माझी सर त्याला यायची नाही, पण चांगले मित्र आहोत.

त्या सहा आठवड्यांची दैनंदिनी डाव्या हाताने लिहिली आहे. अक्षर पहिलीतल्या मुलाचं. पण कुठलंही पान उघड, तो दिवस कोणता होता ते मी तुला न चुकता सांगेन.

प्लास्टर काढलं तेव्हा आत निघालेला हात माझा वाटेना. बारीक, फिकट, आखडलेला. फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी हातात छोटं वजन दिलं. मी घाबरलो, तर म्हणाल्या, हाडाला भार मिळाला नाही तर ते विरळ होतं. हे मला इतकं आवडलं की घरी येऊन वाचत बसलो. यूलियस वुल्फ नावाच्या जर्मन शल्यविशारदाने 1892 मध्ये मांडलं होतं, की हाडावर जसा भार पडतो तशी त्याची आतली रचना बदलते. अंतराळवीरांना वजनच जाणवत नाही, तर त्यांच्या कमरेच्या हाडांची घनता महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्क्याने घटते. म्हणून त्यांना तिथे रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. पृथ्वीवर आपण नुसते उभे राहिलो तरी जे फुकट मिळतं, त्यासाठी त्यांना यंत्राला पट्ट्यांनी बांधून घ्यावं लागतं.

आता तू म्हणशील, हा 'टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही' हेच सांगतोय. नाही रे. ती म्हण मला कधी पटली नाही. देवपण येण्यासाठी घाव सोसायचे म्हणजे आजचा दिवस नुसता किंमत म्हणून मोजायचा आणि फळ पुढे कधीतरी. मनगट मोडून मी आधीपेक्षा थोर झालो नाही, खंबीरही झालो नाही. मी एवढंच म्हणतोय, की ते सहा आठवडे मी तिथे हजर होतो. बक्षीस नंतर मिळालं नाही, त्या चार मिनिटांच्या बटणातच होतं.

तुझा रुबिक क्यूब आठवतो? सहावीत होतो आपण. तुला एक बाजू जमायची, दुसरी लावायला गेलं की पहिली मोडायची. मग एका दुपारी तू सगळे रंगीत कागद सोलून काढलेस आणि नीट चिकटवून सहाही बाजू पूर्ण केल्यास. मला दाखवलास तेव्हा किती खूश होतास! त्यानंतर तो क्यूब कपाटावर गेला आणि पुन्हा खाली आला नाही. त्याआधी दोन महिने तो तुझ्या हातातून सुटत नव्हता. एर्नो रुबिकने 1974 मध्ये बुडापेस्टमध्ये तो बनवला, तेव्हा पहिल्यांदा फिरवल्यावर त्याला स्वतःलाच तो परत लावता येईना, जवळजवळ महिना गेला म्हणतात. बनवणाराच तो. खोलून पुन्हा जोडणं त्याला किती सोपं होतं! पण त्याने तसं केलं नाही.

आणि ती वाट चुकलेली रात्र. आपण किती ठिकाणी फिरलो एकत्र? वीस तरी असतील. त्यातल्या ज्या सहली ठरल्याबरहुकूम पार पडल्या, त्यांच्याबद्दल आपण कधी बोलतो का? मला तर त्यांचा क्रमही सांगता येणार नाही. पण डोंगर उतरताना दोन पायवाटांतली चुकीची धरली, अंधार पडला, विजेरीचा एकच सेल उरला, ती रात्र आपण भेटलो की निघतेच. तू पुढे, तुझी पिशवी धरून मी मागे. पाण्याचा आवाज आला की तू म्हणायचास, ओढा खालीच जाणार, त्याच्या कडेने चल. अर्ध्या तासाने त्याच ओढ्याने आपल्याला कड्याशी आणून सोडलं. तिथे बसून राहिलो उजाडेपर्यंत. थंडीने दात वाजत होते आणि आपण बाबांना काय सांगायचं याची तयारी करत होतो. त्या रात्री तू मला पहिल्यांदा सांगितलंस, की तुला गणित आवडत नाही, फक्त घरच्यांना बरं वाटावं म्हणून तू ते घेतलंयस. सहा वर्षांच्या मैत्रीत हे निघालं नव्हतं. वाट सापडली असती तर जेवून झोपलो असतो रे दोघं.

मध्यंतरी एक अभ्यास वाचनात आला, तो तुझ्या चुकलेल्या गाडीमुळे आठवला. फेब्रुवारी 2014 मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेचा दोन दिवसांचा संप झाला. काही स्थानकं बंद, काही चालू. रोजच्या वाटेने जाता येईना म्हणून लाखो माणसं भलत्याच मार्गाने कामावर गेली. संशोधकांनी संपाच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांची तिकीट कार्डांची नोंद तपासली. संप मिटल्यावरही दर वीस माणसांमागे साधारण एक जण जुन्या मार्गाकडे परतला नाही, कारण अडून शोधलेला मार्गच त्याला जास्त सोयीचा निघाला. शहाणीसुरती माणसं ही, रोज त्याच वाटेने जाणारी. पण त्या रेल्वेचा नकाशा वाचायला सोपा जावा म्हणून सरळ रेघांत काढलेला आहे, त्यात खरी अंतरं दिसत नाहीत, आणि एकदा बरा मार्ग सापडला की कोण पुन्हा शोधत बसतो? जो नकाशा बरोबर आहे असं आपण धरून चाललो, तो तपासायला कुणीतरी स्थानकाचं दार बंद करावं लागतं.

आपणहून शोधायला काय हरकत आहे, असं मी स्वतःला विचारलं. त्याच वर्षी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या टिमथी विल्सन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. माणसांना रिकाम्या खोलीत पंधरा मिनिटं एकटं बसवलं. करायला काही नाही, फक्त एक बटण, दाबलं तर विजेचा सौम्य झटका. तो झटका त्यांना आधी देऊन दाखवला होता आणि पुन्हा बसू नये म्हणून पैसे मोजू असंही ते म्हणाले होते. तरी 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 बायकांपैकी 6 जणींनी निदान एकदा तो स्वतःला देऊन घेतला. वाचून मला त्यांची कीव आली नाही, मला माझी 'नेहमीप्रमाणे'ची पानं आठवली.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, नाहीतर तुझा गैरसमज होईल. काकांच्या आजारपणाची ती दोन वर्षं मी यात धरत नाही. तेव्हा तुला कुणीतरी म्हणालं होतं, की संकटातही काहीतरी चांगलं असतं, आणि तू उठून बाहेर गेला होतास. मी तुझ्या मागे आलो होतो, काही बोललो नव्हतो. आजही त्यावर माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही. जे दुःख माणसाला मोडून टाकतं, त्याला 'रंगत' म्हणणाऱ्याचा मला राग येतो. भाड्याला पैसे नसलेल्या माणसाला अडचणीची गोडी सांगणाऱ्याचाही येतो. मी बोलतोय ते गळक्या छताबद्दल, मोडक्या किल्लीबद्दल, फार तर माझ्या मनगटाबद्दल. दुसऱ्या दिवशी जग जागेवर असतं अशा अडचणींबद्दल. बदलीचं मात्र कळत नाही, ती कुठल्या बाजूला टाकायची. ती तुला किती लागली आहे हे तुझ्या अक्षरावरून दिसतं. त्यावर आपण समोरासमोर बोलू.

पण एक सांगतो. तुझं पत्र मी चार-पाचदा वाचलं. पहिली दोन पानं कामाची, घराची, सगळं ठीक चाललंय त्याची. ती तू उरकली आहेस, वाक्यंही थकलेली आहेत. छत गळायला लागतं तिथून तुझी लेखणी एकदम तुझी होते! बादली कुठे ठेवली, थेंबाचा आवाज कमी व्हावा म्हणून तिच्यात फडकं कसं टाकलं, वरच्या मजल्यावरच्या आजींचं दार तू चार वर्षांत पहिल्यांदा ठोठावलंस आणि त्यांच्याकडे भिंतभर जुनी घड्याळं निघाली, प्रत्येकात वेळ वेगळी. हे वाचताना मी तिथे तुझ्या शेजारी उभा होतो. प्लंबर येऊन गेला का? आणि ती घड्याळं आजी मुद्दाम वेगवेगळ्या वेळांना लावतात की तशीच राहू दिली आहेत, हे विचारलंस का?

हात आता खरंच दुखायला लागलाय. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी येतो, दोन दिवस राहीन. काकूंना नमस्कार सांग. येताना तो डोंगर पुन्हा उतरायचा का ते बघू, मनगट तोवर काठी धरण्याइतकं बरं होईल असं बाई म्हणाल्या आहेत.

आणि फलाटावरची ती रात्र तू अडीच ओळींत संपवलीस, हे मला मुळीच चाललेलं नाही. बाकावर शेजारी बसलेल्या त्या हमालाने बाटल्यांच्या झाकणांची सोंगटी करून तुझ्याशी बुद्धिबळाचा डाव मांडला, फरशीच्या चौकटीवर, पहाटे साडेतीनपर्यंत, एवढंच लिहिलंयस. घोडे कसे ओळखायचात? आणि डाव कोणी जिंकला?

तुझाच,
बाकावरचा सोबती