पेटीचा सनमायका सुटला तर चुका मारू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात पावसाळा सरता सरता भजनी मंडळांच्या आणि शाळांच्या पेट्या (हार्मोनियम) दुरुस्तीला निघतात. अस्सल सागवानी पेटी सगळ्यांनाच परवडत नाही, त्यामुळे प्लायवूडच्या अंगावर सनमायका चिकटवलेल्या पेट्या गावोगाव आहेत. हा सनमायका कोपऱ्यातून उचलला की पुढे काय करावे याविषयी बरेच गैरसमज आहेत, आणि त्या गैरसमजांपायी चांगल्या पेट्या कायमच्या बिघडतात, म्हणून हे पत्र.

आमच्या मंडळाच्या पेटीचेच उदाहरण देतो. खालच्या सप्तकातला पंचम दाबला की त्याच्यासोबत बारीक झणझण ऐकू येई. सूर (आतली पितळी जीभ) खराब झाला असे समजून तो काढून साफ केला, पण फरक पडला नाही. एके दिवशी वाजवताना डावा तळवा सहज पेटीच्या बाजूला टेकला आणि झणझण थांबली, तेव्हा सनमायकाचा सुटलेला पत्रा त्या एका स्वराला थरथरतो हे ध्यानात आले. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर चिकटलेल्या जागी घट्ट आणि सुटलेल्या जागी पोकळ आवाज येत होता. पेटी एका सुताराकडे दिली. त्याने फर्निचरला मारतात तशा चुका (बारीक खिळे) कडेने ठोकल्या. त्यांतल्या एका चुकेचे टोक आत निघून आतल्या भात्याच्या घडीवर घासत राहिले, घडीला भोक पडले आणि पेटी हवा धरेना. दहा मिनिटांच्या कामासाठी अखेर भाता बदलावा लागला.

सनमायका सुटतो याचे कारण सरळ आहे. लाकूड दमट हवेत फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा हा पत्रा त्याच्या बरोबरीने हलत नाही. दोघांमधली ओढाताण वर्षानुवर्षे गोंदावर येते आणि तो कोपऱ्यापासून हार मानतो. म्हणून ऐन पावसाळ्यात, लाकूड फुगलेले असताना, चिकटवण्याची घाई करू नये. पेटी कोरड्या खोलीत आठ-दहा दिवस उघडी ठेवावी. उन्हात मात्र ठेवू नये, कारण उन्हाने वाजवायच्या पट्ट्या वाकतात. प्लायवूडचेच पापुद्रे सुटून ते भुसभुशीत झाले असेल, तर वरून कितीही गोंद लावला तरी उपयोग नाही. ती बाजू बदलणेच योग्य.

लाकूड धड असेल, तर काम घरीही होते. पत्रा जोराने ओढू नये, तो ठिसूळ असतो आणि टवका उडतो. उचललेल्या फटीत पॉलिशपेपरची घडी सरकवून जुन्या गोंदाचा पोपडा खरवडावा आणि भुगा फुंकून काढावा, कारण वाळलेल्या गोंदावर नवा गोंद धरत नाही. मग सुताराचा पांढरा गोंद एक्स-रेच्या जुन्या फिल्मच्या पट्टीने आतपर्यंत पातळ पसरावा. बाहेर आलेला गोंद लगेच ओल्या फडक्याने पुसावा, वर प्लॅस्टिकचा कागद आणि सपाट फळी ठेवून शिकंजा बेताने आवळावा आणि चोवीस तास हात लावू नये. रबरी सोल्यूशन दोन्ही बाजूंना लावून, ते हाताला चिकटेनासे होईपर्यंत उघडे वाळवून मगच जोडायचे असते. अख्खा पत्रा नव्याने बसवताना ते उत्तम. अर्धवट सुटलेल्या कोपऱ्यात तसे उघडे वाळवता येत नाही, म्हणून तिथे ते टिकत नाही. झटपट चिकटणारे पातळ द्रव्य तर पेटीजवळ आणूच नये. ते फटीतून ओघळून पट्टीखाली किंवा चामड्याच्या गादीवर गेले, तर ती पट्टी जागच्या जागी चिकटून बसते. पूर्वीचे कारागीर गरम सरस (जनावरांच्या कातडी-हाडांचा गोंद) वापरत, तो ऊब आणि ओलावा दिला की सुटे आणि पुढच्या माणसाला सांधा न मोडता उघडता येई. दुरुस्ती करताना पुढच्या दुरुस्तीचा विचार असायचा, याचे मला फार मोल वाटते.

पेटी बनवणाऱ्या कारागिरांना यासंदर्भात एक विनंती आहे. नवी पेटी देताना झाकणाच्या आतल्या बाजूस एक चिठ्ठी डकवावी : लाकूड कोणते, सनमायका कोणत्या गोंदाने बसवला आणि बाजूच्या भिंतीची जाडी किती. एवढे तीन तपशील आमच्या सुताराच्या डोळ्यांसमोर असते, तर त्याने हातोडी उचलली नसती.

आपला,
एका भजनी मंडळाचा पेटीवादक, जि. रत्नागिरी