बोपण्णा ‘उशिरा उमलला’ नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

टेनिसपटू रोहन बोपण्णाच्या निवृत्तीवर आपल्या क्रीडा पानावर आलेला मजकूर वाचला. मथळा होता ‘उशिरा उमललेलं फूल’. आत असं वाक्य की एकेरीत जमलं नाही म्हणून तो दुहेरीकडे वळला आणि त्रेचाळिसाव्या वर्षी नशीब उघडलं. एकेरीचं ठीक आहे, ते त्यानेही कधी लपवलं नाही. पण ‘नशीब उघडलं’ हे काही पटेना, म्हणून लिहायला बसलो.

मी स्वतः खेळाडू नाही. गेली तीसेक वर्षं पुण्यात रॅकेटचं गटिंग, म्हणजे तारा ओवायचं काम करतो. गटिंगला आलेली रॅकेट नुसती बघूनही तिचा मालक काय खेळतो याचा बऱ्यापैकी अंदाज येतो. दुहेरी मन लावून खेळणाऱ्याची फ्रेम टोकाला खरचटलेली असते, तिला कोर्टचा निळा-हिरवा रंग लागलेला असतो. कारण त्याचं अर्धं आयुष्य नेटजवळ पायाशी आलेले चेंडू उचलण्यात जातं. हे काम वेगळं आणि त्याची शिकवणीही वेगळी. फलंदाजीत जमलं नाही म्हणून कुणी विकेटकीपर होत नाही, तसंच हे.

आता एकेरीबद्दल. बोपण्णा एकेरीच्या क्रमवारीत 2007 साली 213 पर्यंत पोहोचला आणि तिथेच थांबला, हे खरं. पण सप्टेंबर 2010 मध्ये चेन्नईत ब्राझीलविरुद्धच्या डेव्हिस कप (देशांच्या संघांमधली स्पर्धा) लढतीत भारत पाचपैकी पहिले दोन सामने हरून 0-2 असा मागे पडला होता. तिथून 2-2 झालं आणि शेवटचा एकेरीचा सामना या ‘न जमणाऱ्या’ माणसाच्या वाट्याला आला. रिकार्डो मेलोला त्याने सरळ सेटमध्ये हरवलं. आपल्या मजकुरात याचा उल्लेख नव्हता.

दुहेरीच्या खेळाडूचा धंदा कसा चालतो हे वाचकांना कुणी सांगतच नाही. त्याला आधी जोडीदार शोधावा लागतो, अगदी स्थळ शोधावं तसा. पत्रिका म्हणजे क्रमवारी. दोघांची मिळून जी बेरीज होईल तिच्यावर स्पर्धेत प्रवेश मिळणार की नाही ते ठरतं. जोडीदार दुखावला, कंटाळला किंवा त्याला दुसरं चांगलं स्थळ सांगून आलं, की पुन्हा फोनाफोनी. बोपण्णाने पाकिस्तानच्या ऐसाम उल हक कुरेशीबरोबर 2010 च्या अमेरिकन ओपनची अंतिम फेरी गाठली. तिथे ब्रायन बंधूंनी दोन्ही सेट टायब्रेकवर (6-6 बरोबरीनंतरचा निर्णायक डाव) घेऊन हरवलं. मग महेश भूपती, फ्लोरिन मर्जिया, पाब्लो क्वेव्हास, डेनिस शापोवालोव्ह अशी कितीतरी नावं आली नि गेली. मिश्र दुहेरीत 2017 ला गॅब्रिएला डाब्रोव्स्कीसोबत फ्रेंच ओपन जिंकलं, तेही दोन मॅच पॉइंट वाचवून, म्हणजे एक गुण गेला की हार, अशी वेळ दोनदा टाळून. इतक्या जणांच्या सवयी, राग, डावा-उजवा हात, भाषा सांभाळून घेत वीस-बावीस वर्षं नोकरी टिकवणं सोपं नसतं. आमच्या दुकानात दोन भागीदार चार वर्षं टिकले नाहीत.

पैशाचंही तेच. 2024 च्या ऑस्ट्रेलियन ओपनला पुरुष एकेरीच्या विजेत्याला 31 लाख 50 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मिळाले. बोपण्णा आणि मॅथ्यू एब्डेन या विजेत्या जोडीला मिळून 7 लाख 30 हजार, म्हणजे त्यातही वाटणी. ही झाली सर्वोच्च पायरीची गोष्ट. खालच्या स्पर्धांत विमानाचं तिकीट नि हॉटेल वजा जाता काय उरत असेल, ते आपणच ताडावं.

हा माणूस 2021 च्या सुरुवातीला एकामागून एक सामने हरत होता. आता पुरे झालं, असा निरोप तेव्हा आपण बायकोला पाठवला होता, हे त्याने पुढे जाहीरपणे सांगितलं. गुडघ्यांतली कूर्चा झिजून गेलेली आणि दिवसाला दोन-तीन वेदनाशामक गोळ्या चालू. त्याला उभं केलं ते अय्यंगार योगाने, आणि इथे एक पुणेकर म्हणून माझी कॉलर थोडी ताठ होते. करोनाच्या काळात त्याने बंगळूरमध्ये हा योग सुरू केला, आठवड्यातून चार वेळा, दीड-दीड तास. मॉडेल कॉलनीतल्या अय्यंगार गुरुजींच्या संस्थेवरून माझं रोजचं जाणं-येणं आहे. तिथल्या भिंतीवरचे दोर, पट्टे नि लाकडी ठोकळे पाहून मी इतकी वर्षं ‘म्हाताऱ्यांची कसरत’ म्हणत हसायचो. हल्ली हसत नाही. माझाही डावा गुडघा बोलायला लागलाय.

तर 2023 मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी इंडियन वेल्सला मास्टर्स (ग्रँडस्लॅमखालच्या पायरीची स्पर्धा), त्याच वर्षी अमेरिकन ओपनची अंतिम फेरी, मग 27 जानेवारी 2024 ला मेलबर्नमध्ये बोलेली-वावासोरी जोडीला 7-6, 7-5 हरवून पुरुष दुहेरीचं पहिलं ग्रँडस्लॅम (टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) आणि दोनच दिवसांनी जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक. तोवर इतक्या वयाचा पुरुष कधी तिथे पोहोचला नव्हता. पण लक्षात घ्या, 2013 मध्येच तो तिसऱ्या क्रमांकावर होता. म्हणजे तिसऱ्यावरून पहिल्यावर यायला साडेदहा वर्षं लागली. झाड मधल्या काळात उभंच होतं, आपण बघत नव्हतो एवढंच.

2023 च्या त्या अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यातला एक प्रसंग तरी छापायला हवा होता. एका रॅलीत एब्डेनने मारलेला चेंडू पलीकडे जाता जाता बोपण्णाच्या हाताला पुसटसा लागला. पंचांना दिसलं नव्हतं. याने आपणहून सांगितलं आणि गुण सोडला. तो सामना पुढे समोरच्या राम-सॅलिसबरी जोडीनेच जिंकला.

आपलं वृत्तपत्र पुण्यातलं, आणि त्या मजकुरात पुणे औषधालाही नाही! कूर्गच्या कॉफीच्या मळ्यातून आलेला हा मुलगा किशोरवयात इथे नंदन बाळ यांच्याकडे शिकत होता. बालेवाडीला महाराष्ट्र ओपन त्याने दोनदा जिंकली, 2019 ला दिविज शरणबरोबर आणि 2022 ला रामकुमार रामनाथनबरोबर. 2019 ला मी तिथे होतो. माझ्या पुढच्या रांगेतलं एक कुटुंब अँडरसन-कार्लोविच या एकेरीच्या सामन्यासाठी आलेलं. दुहेरी सुरू झाल्यावर वडा खायला उठलं. त्यांचा सातेक वर्षांचा मुलगा मात्र हलेना. नेटवरचा खेळाडू पाठीमागे हात नेऊन बोटांनी जोडीदाराला खुणा करतो ना, त्याची नक्कल करत तो बसला होता. वडील तिकडून हाका मारतायत आणि पठ्ठ्या पाठीमागे दोन बोटं दाखवतोय.

हांगझोच्या आशियाई स्पर्धेत 30 सप्टेंबर 2023 ला मिश्र दुहेरीचं सुवर्ण मिळालं, त्यात त्याची जोडीदार होती ऋतुजा भोसले, आपली पुण्याची. पहिला सेट 2-6 गेल्यावर दोघांनी सामना फिरवला. हे दोन ओळींत तरी यायला हवं होतं.

शेवटी एक धंदेवाईक तक्रार. त्याचा अखेरचा सामना पॅरिसला बुब्लिक या जोडीदारासोबत झाला, त्याचा निकाल आपण ‘5-7, 6-2, 8-10’ असा छापलात आणि खाली लिहिलंत, ‘तिसरा सेट अठरा गेमपर्यंत रंगला’. साहेब, ते गेम नव्हेत, गुण आहेत. टूरवरच्या दुहेरीत तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा सुपर टायब्रेक असतो. ग्रँडस्लॅमच्या पुरुष दुहेरीत पूर्ण तिसरा सेट होतो, तिथेही 6-6 झालं तर टायब्रेक असतो. उपसंपादकांपैकी कुणाला हे समजून घ्यायचं असेल तर दुकानावर यावं. दुपारी एक ते चार बंद असतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार
(रॅकेट गटिंगवाला), पुणे