मोह उभा आहे, पण खाली रोप नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या पुरवणीतला मोह, चारोळी, आवळ्यावरचा लेख वाचला. विषय घेतलात त्याबद्दल मनापासून आभार, आमच्या नंदुरबारकडच्या झाडांवर कोणी सहसा लिहीत नाही. पण "तापमान वाढलं की ही झाडं हळूहळू डोंगरात वर सरकतील" हे वाक्य काही केल्या पचत नाही. झाड सरकत नाही हो. सरकते ती बी, आणि तीही रुजली तरच.

माझं आजोळ तळोद्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याला. मामांच्या बांधावर तीन जुने मोह आहेत. मामी आजही मार्चमध्ये पहाटे टोपली घेऊन फुलं वेचायला जाते. यंदा अंगणात वाळत घातलेली फुलं एका रात्रीच्या अवकाळीने काळी चिकट झाली, आंबूस वास सुटला, सगळी गुरांपुढे टाकली. पण ते नुकसान एका वर्षाचं, खरा घोर बियांचा आहे. मोहाची बी पावसाच्या तोंडावर पडते आणि ठेवून चालत नाही, सुकली की मेली, तिला लगेच ओल लागते. 2023 ला मी त्याच झाडांखालच्या 60 बिया बांधाला लावल्या. पाऊस जूनच्या शेवटी आला तरी जुलैत 41 रुजल्या, बोटभर रोपं, तांबूस कोवळी पानं, मी रोज जाऊन मोजायचो. मग ऑगस्ट आला, देशातला 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. पोळ्यापर्यंत दोन उरली, तीही मामीने हंड्याने पाणी घातलं म्हणून.

जुना मोह खोल मुळांवर असे उन्हाळे काढतो, म्हणून लांबून सगळं हिरवं दिसतं. खाली वाकून बघा, रोप नाही. यात आमचीही चूक आहे, फुलं नीट दिसावीत म्हणून लोक खालचा पाला जाळतात आणि उरलंसुरलं रोपही त्यात जातं. मामीने यंदापासून जाळणं बंद केलं, जुन्या साड्या अंथरते.

आणि वर म्हणजे कुठे? 1 अंश उष्णता वाढली तर पहिल्याइतका गारवा मिळायला साधारण 150 मीटर वर जावं लागतं. आमचं अस्तंबा शिखर 1,325 मीटर, तिथे डोंगर संपला, आणि जसं वर जावं तशी जागा कमी, माती कमी, नुसता मुरूम. उत्तरेला नर्मदेच्या धरणाचं पाणी, खाली केळी, ऊस, कापूस. वटवाघळं मोहाची फळं लांब नेऊन टाकतात, पण केळीच्या बागेत उगवलेला मोह कोण ठेवणार?

माणसांनीच रोपं न्यावीत म्हणाल तर मी तीन वर्षं एका रोपवाटिकेत मोह मागतोय. दरवेळी "मोह नाही, हे न्या" म्हणून गुलमोहर हातात देतात. चारोळीचं तर नावही काढू देत नाहीत.

आणखी एक. लेखावर मोह म्हणून छापलेला फोटो पळसाचा आहे. पळस केशरी, मोहाचं फूल पिवळट पांढरं, रसाळ, द्राक्षाएवढं. मामीला पेपर दाखवला तर तिने पहिलं हेच विचारलं, हे कुठलं झाड रे? कृपया दुरुस्ती छापा.

आपला,
एक वाचक, शहादा