टीएसएच ठीक, तरी थकवा का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थायरॉईडची गोळी सुरू आहे, टीएसएच (थायरॉईड मंदावली की रक्तात वाढणारं संप्रेरक) मर्यादेत आला आहे, तरी थकवा, केसगळती, हातापायांना मुंग्या आणि विसराळूपणा काही जात नाही, ही तक्रार औषधाच्या दुकानात रोज ऐकू येते. त्यावर बरेच जण स्वतःच गोळी 50 वरून 75 मायक्रोग्रॅमवर नेतात किंवा जाहिरातीतली मल्टीव्हिटॅमिन सुरू करतात. टीएसएच ठीक असताना डोस वाढवला की छातीत धडधडतं, झोप उडते. वयस्कर माणसांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. थकवा मात्र तसाच राहू शकतो, कारण त्याचं मूळ अनेकदा बी-12 किंवा लोहाच्या कमतरतेत असतं.

थायरॉईड मंदावण्याचं एक मोठं कारण हाशिमोटोचा आजार. यात शरीराची प्रतिकारशक्ती थायरॉईड ग्रंथीवरच उलटते. अशा काही रुग्णांमध्ये ती जठराच्या अस्तरातल्या पेशींवरही उलटते. बी-12 शोषून घ्यायला लागणारं ‘इन्ट्रिन्सिक फॅक्टर’ हे प्रथिन या पेशी तयार करतात. ते आटलं की आहारात दूध, अंडी, मासे असूनही बी-12 अंगी लागत नाही. शुद्ध शाकाहार, मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन आणि त्यावर रोजची पित्ताची गोळी असं त्रिकूट आपल्याकडे घरोघरी आहे. तिथे तर कमतरता गृहीत धरूनच तपासणी करावी. पँटोप्राझोल, ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांनी जठरातलं आम्ल कमी होतं, त्यामुळे थायरॉक्सिनही, म्हणजे थायरॉईडच्या गोळीतलं औषधही, नीट शोषलं जात नाही, हे रुग्णाला सहसा कुणी सांगत नाही.

रक्तातलं बी-12 साधारण 200 पिकोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली असेल तर कमतरता धरतात. 200 ते 300 हा संशयाचा पट्टा. मुंग्या येत असतील तर तेवढ्यावर ‘नॉर्मल’ म्हणून फाईल मिटू नये. तपासणी इंजेक्शनच्या आधी करावी, कारण इंजेक्शननंतर आकडा फुगतो आणि मूळ कारण झाकलं जातं. नुसत्या सीबीसीवरही, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीवरही, विसंबू नये. बी-12 कमी असलं की तांबड्या पेशी मोठ्या होतात, लोह कमी असलं की लहान. दोन्ही एकदम कमी असतील तर सरासरी आकार, म्हणजे एमसीव्ही, अगदी ठीक दिसतो. आणि बी-12 न तपासता नुसतं फॉलिक अ‍ॅसिड घेत राहणं धोक्याचं. हिमोग्लोबिन सुधारतं, पण आतून नसांचं नुकसान चालूच राहतं, आणि ते उशिरा लक्षात आलं तर पूर्ण भरून निघेलच असं नाही.

लोहाचा संबंध याहून जवळचा. थायरॉईडचं संप्रेरक बनवणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं. थायरॉईड मंद असलेल्या अनेक स्त्रियांना पाळीत जास्त रक्तस्राव होतो, म्हणजे लोह आणखी घटतं. हिमोग्लोबिन 12 असूनही साठा रिकामा असू शकतो, म्हणून फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी तपासणी, पाहावी. अंगात ताप किंवा जंतुसंसर्ग असताना मात्र फेरिटिन खोटं वाढतं, तेव्हा ताप-संसर्ग उतरल्यावर तपासावं.

खरी गडबड इथून पुढे होते. लोहाची गोळी लिहून मिळते आणि ती सकाळच्याच डबीत, थायरॉईडच्या गोळीशेजारी जाऊन बसते. लोह आणि कॅल्शियम थायरॉक्सिनला आतड्यात बांधून ठेवतात, औषध शोषलं जात नाही. दोन महिन्यांनी टीएसएच वाढलेला दिसतो, डोस वाढवला जातो. मग लोहाचा कोर्स संपतो आणि तोच वाढीव डोस आता जास्त होऊन धडधड सुरू होते. आजार वाढलेलाही नसतो आणि कमीही झालेला नसतो, चुकलेली असते ती वेळ.

वेळ अशी पाळता येईल. उठल्यावर थायरॉईडची गोळी साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध काही नाही. लोह किमान चार तासांनी, लिंबूपाण्याबरोबर; चहाबरोबर मुळीच नको. कॅल्शियम रात्रीच्या जेवणाबरोबर, कारण ते लोहालाही आड येतं. अनेक मल्टीव्हिटॅमिनमध्ये लोह-कॅल्शियम असतं, तेव्हा त्यांनाही चार तासांचा नियम लागू. सकाळ जमतच नसेल तर डॉक्टरांना विचारून थायरॉईडची गोळी झोपताना, जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. मग रात्रीचं कॅल्शियम दुपारच्या जेवणाला सरकवावं. कोणताही बदल केल्यावर टीएसएच सहा ते आठ आठवड्यांनी पाहावा, त्याआधीचा आकडा फसवतो.

ड जीवनसत्त्वाबद्दल एवढंच की 60,000 युनिटची पुडी किंवा कॅप्सूल साधारणपणे आठवड्यातून एकदा आणि ठरावीक आठवडेच दिली जाते. ती रोज घेतली किंवा महिनोन्‌महिने चालू ठेवली तर रक्तात कॅल्शियम वाढून तहान, उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते. तिने हाशिमोटो बरा होत नाही.

तळहात-तळपाय पिवळे दिसले म्हणून कावीळ समजून घाबरणारेही असतात. थायरॉईड मंद असताना गाजर, पपई, भोपळ्यातल्या कॅरोटीनचं अ जीवनसत्त्वात रूपांतर सावकाश होतं आणि ते त्वचेत साठतं. डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच असेल तर बहुधा हेच. डोळे पिवळे असतील तर ताबडतोब डॉक्टर गाठावा.

शेवटी केसांच्या गोळ्या. पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली तर बायोटिन (ब गटातलं एक जीवनसत्त्व) 5 किंवा 10 मिलिग्रॅम असं आढळतं. रोजची गरज 30-40 मायक्रोग्रॅमची, म्हणजे मात्रा शेकडो पटींची. अनेक यंत्रांच्या तपासणीपद्धतीत बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी आणि टी-4 (थायरॉईडचं संप्रेरक) खोटं जास्त येतं; थायरॉईड मंद असलेल्या रुग्णाचा अहवाल डोस जास्त झाल्यासारखा दिसतो आणि गोळी कमी केली जाते. अमेरिकेच्या एफडीएने (औषध नियामक संस्थेने) 2017 मध्येच अशा चुकीच्या अहवालांबद्दल इशारा दिला होता. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवावं. मात्रा फार मोठी असेल तर किती दिवस, ते प्रयोगशाळेला विचारावं.

म्हणून दोन मागण्या. रक्त घेताना भरायच्या फॉर्मवर प्रयोगशाळांनी ‘केसांची किंवा बायोटिनची गोळी घेता का, शेवटची कधी घेतली?’ हा प्रश्न मराठीत छापावा. आणि थायरॉईडच्या गोळीबरोबर लोह किंवा कॅल्शियम देताना औषध दुकानदारांनी पाकिटावर पेनाने ‘चार तासांनी’ एवढं लिहून द्यावं.

आपला,
एक औषधनिर्माता, सातारा