भिंतीसमोर बाटली धरून मी का उभी होते

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉल संपला असे समजून मी उठले, पण तो सुरूच राहिला होता. त्यामुळे भिंतीकडे पाहत, डावा हात खिशात घालून आणि उजव्या हातात पाण्याने भरलेली बाटली खांद्याच्या उंचीवर धरून मी उभी असलेली तुम्हा दोघांना दिसले. बाबा हसले. आई मात्र काहीच बोलली नाही, आणि आई जेव्हा विचारायचे टाळते तेव्हा तिला काळजी लागलेली असते, हे मला पुरते ठाऊक आहे. फोनवर हे तुटक तुटक सांगण्यापेक्षा लिहिलेले बरे, म्हणून हे पत्र. गेल्या आठ महिन्यांपासून मी पिस्तूल नेमबाजी शिकते आहे आणि मागच्या महिन्यात माझ्या पहिल्या स्पर्धेत उतरलेही. इतके दिवस तुम्हाला सांगितले नाही, ही चूक माझी आहे. सांगण्याआधी आपल्याला ते जमते का ते पाहावे, असा विचार होता.

आई, आधी तुझ्यासाठी. मी शिकते ते एअर पिस्तूल. त्यात दारू नसते. दाबाखाली साठवलेल्या हवेच्या जोरावर अर्ध्या ग्रॅमच्या आसपास वजनाचा, ४.५ मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा सुटतो आणि तो दहा मीटरवरच्या लक्ष्यावर जाऊन बसतो. तरीही हे खेळणे नव्हे, कारण हाच छर्रा डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो, आणि म्हणूनच पहिल्या दिवशी दोन तासांत मला एकदाही चाप ओढू दिला नाही. ते दोन तास केवळ सवयी लावण्यात गेले. प्रत्येक पिस्तूल भरलेलेच आहे असे समजायचे, आत्ता स्वतःच्या हाताने रिकामे केले असले तरीही. नळीचे तोंड कायम लक्ष्याच्या दिशेला ठेवायचे. नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, सरळ ठेवायचे. नेमबाजी चालू नसताना नळीतून एक भडक रंगाची दोरी आरपार घातलेली असते, ती दोन्ही टोकांना दिसली म्हणजे नळी मोकळी आहे हे लांबूनही कळते. ‘लोड’ म्हटल्याशिवाय छर्रा भरायचा नाही, ‘स्टार्ट’ म्हटल्याशिवाय मारायचा नाही आणि ‘स्टॉप’ हा शब्द कानावर पडला की कितीही चांगला नेम धरलेला असो, तत्क्षणी थांबायचे. कुणी लक्ष्यापाशी गेलेले असताना पिस्तुलाला हातही लावायचा नाही. छर्रे शिशाचे असल्यामुळे रेंजवर, म्हणजे नेमबाजीच्या जागी, काही खायचे नाही आणि बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे, हा नियम तुला विशेष आवडेल.

आणखी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी : माझ्या घरी पिस्तूल नाही. मी अजून विकत घेतलेलेच नाही. नवशिक्याने पहिल्या महिन्यांत खरेदी करू नये, असे आमच्या प्रशिक्षक बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, आणि आता मला त्याचे कारण पटते. पिस्तुलाची लाकडी मूठ हाताला बुटासारखी बेतून बसावी लागते, आणि आपल्या हाताला काय हवे आहे हे हाताला कळायलाच काही महिने जातात. शिवाय शस्त्रांचे कायदे देशोदेशी वेगळे असल्याने, काय ठेवता येते आणि परवाना कशाला लागतो हे पाहिल्याखेरीज घाई करण्यात अर्थ नसतो. मी क्लबचे पिस्तूल वापरते, ते तिथल्याच कपाटात कुलपात राहते आणि घरी येतो तो फक्त दुखणारा खांदा. बाटलीचे कोडे इथे सुटते. पिस्तूल साधारण एक किलोचे असते, एका हाताने आणि कुठलाही टेकू न घेता धरायचे असते, आणि स्पर्धेत ते साठपेक्षा अधिक वेळा उचलावे लागते. म्हणून घरी भरलेली बाटली. भिंत कोरी असावी, म्हणजे डोळ्याला धरण्यासारखे काही सापडत नाही आणि सगळे लक्ष हातावर राहते.

खिशातल्या हातालाही कारण आहे. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये यूसुफ दिकेच या तुर्की नेमबाजाचे साधा टी-शर्ट घातलेले आणि हात खिशात घातलेले छायाचित्र जगभर फिरले, ते बाबांनीच मला पाठवले होते. लोकांना ती बेफिकिरी वाटली. वास्तविक मोकळा हात लोंबकळत राहिला तर तो शरीराला हलवतो, म्हणून बहुतेक नेमबाज तो खिशात किंवा पट्ट्यात अडकवतात. दिकेच यांनी मिश्र सांघिक गटात रौप्यपदक मिळवले तेव्हा ते एकावन्न वर्षांचे होते. चौतिसाव्या वर्षी हे काय सुरू केलेस, असे विचारण्याआधी तेवढे लक्षात घ्यावे, ही विनंती.

बाबा, आता तुमच्या विषयाकडे येते. दहा मीटरच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो, आणि पुढचे प्रत्येक वर्तुळ त्रिज्येने आठ मिलिमीटर वाढत जाते. मधला काळा भाग ५९.५ मिलिमीटरचा असतो. पिस्तुलाच्या मागच्या टोकाला खाच असलेली पट्टी आणि पुढच्या टोकाला एक चौकोनी खुंटी असते. ती खुंटी खाचेच्या बरोबर मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा उजेड ठेवून आणि वरच्या कडा एका रेषेत आणून पाहायची. या दोहोंत माझ्या पिस्तुलावर सुमारे ३३ सेंटिमीटर अंतर आहे. आता तुम्हीच कागदावर काढून पाहा : खुंटी खाचेत एका मिलिमीटरने सरकली तर दहा मीटरवर छर्रा तीस मिलिमीटर दूर जातो, म्हणजे दहाचा नेम सातच्या वर्तुळाच्या काठापर्यंत घसरतो. उलट, खुंटी आणि खाच यांचे जुळणे अचूक ठेवून सबंध हातच पाच मिलिमीटर बाजूला सरकला, तर छर्राही पाचच मिलिमीटर सरकतो आणि गुण दहाचे दहा मिळतात. पहिले दोन महिने मी हात स्थिर करण्यासाठी जिवाचा आटापिटा केला, आणि चूक हाताच्या हलण्यात नव्हतीच, ती मनगटाच्या कोनात होती. तुम्ही शाळेत भूमितीच्या आकृत्या काढून घेताना ‘आधी कोन, मग लांबी’ म्हणत असायचात. ते मला रेंजवर, वीस-बावीस वर्षांनी कळले.

तुमच्या हाताला कंप सुटल्यापासून तुम्ही आकृत्या काढणे सोडलेत, म्हणून हेही लिहिते की स्थिर हात कुणाचाच नसतो. नाडीच्या ठोक्याने, श्वासाने, नुसत्या उभे राहण्यानेही पिस्तूल हलत राहते. उत्तम नेमबाजाचा हात कमी हलतो, इतकाच फरक. नवशिक्याची खोड अशी की खुंटी काळ्याखाली नेमकी आली असे वाटताच तो ‘आता!’ म्हणून चाप खेचतो, आणि त्या खेचण्यानेच कोन बिघडतो. शिकायचे ते असे, की हलणे चालू असतानाच, बोटाच्या पहिल्या पेराने, सरळ मागे, हळूहळू दाब वाढवत न्यायचा आणि छर्रा कधी सुटला याचे स्वतःलाच किंचित आश्चर्य वाटावे. स्पर्धेच्या नियमानुसार हा चाप किमान पाचशे ग्रॅम वजन पेलणारा असावा लागतो. म्हणजे बोटाला फार जोर लावावा लागत नाही, पण घाई केलेली मात्र लगेच दिसते. छर्रा सुटल्यावरही एक-दोन सेकंद तसेच नेम धरून राहायचे, काहीच झाले नाही असे.

नजरेचे सांगायचे तर आईला ते माझ्यापेक्षा लवकर जमेल. सुईत दोरा ओवताना ती सुईच्या नेढ्याकडे पाहते, पलीकडच्या खिडकीकडे नव्हे. इथेही पुढची खुंटी लख्ख दिसली पाहिजे आणि लक्ष्याचा काळा गोळा धूसर राहिला पाहिजे. लक्ष्यावर मारायचे आणि लक्ष्याकडेच पाहायचे नाही, हे मनाला इतके विपरीत वाटते की अजूनही दहातल्या तीन वेळा माझी नजर चोरून पुढे धावते.

माझ्या बाबतीत यात आणखी एक गुंता निघाला. दोन्ही हातांच्या तळव्यांमधून छोटी फट करून लांबची वस्तू त्यातून पाहायची आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा; ज्या डोळ्याला ती वस्तू फटीत दिसत राहते तो आपला प्रमुख डोळा. माझा हात उजवा आणि डोळा डावा निघाला. मी खट्टू झाले, तेव्हा बाईंनी कारोली ताकाच यांची हकिकत सांगितली. हंगेरीच्या सैन्यातले हे नेमबाज. १९३८ साली हातबाँब फुटून त्यांचा उजवा हात निकामी झाला. त्यांनी कुणाला न सांगता डाव्या हाताने सराव केला आणि १९४८ च्या लंडन व १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये पंचवीस मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचे सुवर्णपदक जिंकले. हे ऐकून मी दोन आठवडे डाव्या हाताने प्रयत्न केला आणि मग मुकाट्याने उजव्या हाताकडे परत आले. मला डावा डोळा झाकण्याचा सोपा मार्ग मोकळा होता, ताकाच यांना निवड नव्हती.

स्पर्धेबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्यात मिरवण्यासारखे फार नाही. पंधरा मिनिटे तयारी आणि सरावाचे छर्रे, त्यानंतर पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे, प्रत्येकी जास्तीत जास्त दहा गुण. वेळ भरपूर असतो आणि मला मात्र मागे कुणी लागल्यासारखे वाटत होते. पहिले वीस छर्रे बरे गेले. एकविसाव्यानंतर छर्रा कुठे लागला ते दाखवणाऱ्या माझ्या पडद्यावर काहीच उमटले नाही, आणि शेजारच्या लेनमधल्या गृहस्थांनी पिस्तूल खाली ठेवून माझ्याकडे पाहिले : मी त्यांच्या लक्ष्यावर मारले होते, आणि तेही नऊ! माझ्या खात्यावर शून्य लागले. ते गृहस्थ नंतर म्हणाले, की २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये मॅथ्यू एमन्स हे रायफल नेमबाज आघाडीवर असताना शेवटची गोळी शेजारच्या लक्ष्यावर मारून सुवर्णपदकावरून आठव्या क्रमांकावर गेले होते, तेव्हा तुमची संगत वाईट नाही. माझे एकूण ४८७ गुण झाले. ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत जाणारे नेमबाज ५८० च्या आसपास गुण मिळवतात, म्हणजे अजून बरीच वाट चालायची आहे.

पण त्या दिवशीची एक गोष्ट मला माझ्या गुणांहून अधिक भावली. नेम धरून आठ-दहा सेकंद उलटले की डोळे थकतात आणि हात ढळू लागतो, अशा वेळी चाप न ओढता पिस्तूल खाली आणायचे, श्वास घ्यायचा आणि पुन्हा उचलायचे, हे आम्हाला शिकवलेले असते. सरावात मी ते क्वचितच करत असे. इतका वेळ धरले आहे तर आता मारूनच टाकू, असे वाटते आणि हमखास सहा लागतो. शून्य लागल्यानंतर मात्र मी सलग तीनदा पिस्तूल खाली आणले, चौथ्यांदा मारले आणि दहा लागला. आई, तू ज्या गोष्टीला भितेस तीच गोष्ट, म्हणजे मारण्याची उतावीळ, मोडून काढण्यात माझ्या सरावाचा बहुतेक वेळ जातो, हे तुला सांगितल्यावर तुझी काळजी थोडी तरी कमी होईल, अशी आशा आहे. पूर्ण जाणार नाही, हेही ठाऊक आहे.

बाबा, एक काम आहे. डावा डोळा मिटून ठेवला तर उजव्यावरही ताण येतो, म्हणून दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्यासमोर एक पांढरट, उजेड आत येऊ देणारी पट्टी लावतात. नियमाप्रमाणे ती तीस मिलिमीटरपेक्षा रुंद चालत नाही. बाजारातली पट्टी माझ्या चष्म्यावर नीट बसत नाही. तुमच्या जुन्या ट्रेसिंगच्या फिल्मचे तुकडे अजून पेटीत असतील, तर त्यातून २८ मिलिमीटर रुंद आणि ४५ मिलिमीटर उंच अशा दोन पट्ट्या कापून पाठवाल का? कडा थोड्या वेड्यावाकड्या आल्या तरी चालतील. आईला सांगा, की चष्म्याच्या काडीवर अडकवायला तिच्या शिवणाच्या डब्यातला बारीक इलॅस्टिकचा तुकडाही त्यात ठेवावा.

तुमची,
लेक