बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती कशाला?

महोदय,
रविवारी आमच्या भागातल्या सुपरमार्केटमध्ये सहापैकी दोनच काउंटर सुरू होते. माझ्यापुढच्या आजींच्या हातात पाव किलो शेंगदाणे आणि साबणाच्या दोन वड्या. ‘नंबर सांगा, त्याशिवाय बिल निघत नाही,’ असे त्यांना सांगण्यात आले. त्यांच्याकडे मोबाइलच नव्हता! रुमालात बांधलेले पैसे मोजून हातात धरलेले, आणि तरी त्या ताटकळत उभ्या. मला फार वाईट वाटले. शेवटी मी माझा नंबर दिला. नंबरची सक्ती करू नका, असे केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच दुकानदारांना कळवले आहे. काउंटरवरच्या मुलांना ते मालकांनी सांगायला नको का? १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मी तक्रार नोंदवली आहे.

– एक ग्राहक, डोंबिवली