शेतावरच्या जोडीदारांचा हक्क गावापर्यंत पोचू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत दोन सालदारांच्या, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या दोन पुरुषांच्या, प्रेमाची गोष्ट आली आणि त्यावर वाचकांची पत्रंही आली. ‘ही मोठ्या शहरांतली खुळं आहेत, खेड्यात असलं काही नसतं’ असा बहुतेकांचा सूर दिसला. आमची काटोल तालुक्यात संत्र्याची बाग आहे. अशी जोडी मी त्या बागेत वर्षानुवर्षं पाहिली आहे, म्हणून लिहितो आहे.

आमचं शेत गावापासून लांब, नाल्यापलीकडे. पावसाळ्यात नाला भरला की दोन-दोन दिवस तिकडे कुणाला जाता येत नाही. दोघांपैकी एक जवळच्या गावचा, पाडव्याला साल ठरवून आलेला. दुसरा छिंदवाड्याकडून संत्रा तोडायला आला आणि राहूनच गेला. शेतातल्या कोठ्याला लागून असलेली खोली हेच त्यांचं घर. थ्री-फेज लाइन बहुधा रात्रीचीच असायची. एक मोटारीपाशी बसायचा, दुसरा बॅटरी घेऊन आळ्यांतून पाणी फिरवायचा. शेवटच्या झाडाला पाणी पोचलं की अंधारात बॅटरी दोनदा हलायची आणि मोटार बंद व्हायची. रानडुकरं हाकलायला जागलीवर जायचे तेही दोघं मिळूनच.

थंडीत एकाच्या टाचा फुटून रक्त यायचं. दुसरा चुलीवर मेण आणि तेल गरम करून, पाय मांडीवर घेऊन त्या भेगा भरत बसायचा. मी एकदा मोटार पाहायला गेलो तेव्हा हे चाललेलं होतं. मला पाहून त्यांनी हात मागे घेतले नाहीत की मान खाली घातली नाही. ‘या, बसा’ म्हणाले आणि चहा ठेवला. लग्नाच्या जोडप्यांतही इतकी माया मी फार कमी पाहिली आहे.

गावाला हे ठाऊक नव्हतं असं कुणी समजू नये. निंदणाला येणाऱ्या बाया आपसांत म्हणायच्या, ‘त्यायचं त्यायले मालूम, आपल्याले काय करा लागते?’ या मोठ्या मनाची मला किंमत आहे. पण सगळं सुरळीत आहे तोवरच ते पुरतं. एकाच्या भावांनी मुलगी पाहिली, त्यानं नकार दिला, तेव्हापासून भावांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

पुढे फवारणी करताना त्यालाच विषबाधा झाली. आम्ही त्याला नागपूरच्या एका दवाखान्यात आणलं. सोबत जोडीदार होता; औषध कोणतं, किती वाजता फवारलं, उलट्या कधी सुरू झाल्या, सगळं त्यालाच माहीत. पण सही मागितली ती रक्ताच्या नातेवाइकाची. ज्या भावांनी बोलणं टाकलं होतं ते आले, आत गेले. हा व्हरांड्यातच बसून राहिला. माणूस वाचला नाही. प्रेत भावांच्या ताब्यात गेलं आणि याला सरणापर्यंतही जाऊ दिलं नाही. बँकेत साठवलेले पैसेही तिकडेच गेले, खात्याला याचं नाव लावलेलंच नव्हतं. आज तो आमच्याच बागेत आहे. काम तेच करतो, बोलतो फार कमी.

हे खूळ म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की, कायदाही आता तसं म्हणत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान व्यक्तींचे संमतीचे समलिंगी संबंध, त्यांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कचाट्यातून सोडवले. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात मात्र लग्नाचा हक्क नाकारला गेला, याचं मला दुःख आहे. त्यानंतर केंद्रानं अशा जोडीदारांच्या हक्कांचा विचार करायला कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही गोष्टी केंद्र सरकारनं स्पष्टही केल्या: अशा जोडीदारांना रेशन कार्डासाठी एकाच घरातले मानावं, बँकेत संयुक्त खातं उघडायला किंवा जोडीदाराचं नाव नॉमिनी म्हणून लावायला आडकाठी नाही, आणि जवळचे नातेवाईक नसतील तर जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा यासाठी राज्यांनी पावलं उचलावीत.

यातली शेवटची सवलत अपुरी आहे. आमच्या सालदाराचे भाऊ होते, म्हणजे याला तेव्हाही बाहेरच बसावं लागलं असतं. नातेवाईक असोत वा नसोत, माणसानं जिवंतपणी ज्याचं नाव लिहून दिलं त्याचा हक्क पहिला, असा स्पष्ट आदेश राज्यानं सगळ्या दवाखान्यांना द्यावा.

नॉमिनीचं काम तर उद्याच करता येतं. बागायतदारांना माझी विनंती आहे की, पाडव्याला साल ठरवताना सालदाराला बँकेत न्या आणि खात्याला कुणाचं नाव लावायचं ते त्यालाच विचारा. नागपुरात अशा जोड्यांच्या हक्कासाठी मोर्चे निघतात, त्याच्या बातम्या आपण शहराच्या पानावर देता. रेशन कार्डाची, बँकेची ही माहिती कृषी पानावर, बाजारभावाशेजारी छापा. आमच्याकडे गावात ते पान सगळ्यात आधी उघडलं जातं.

आपला नियमित वाचक,
काटोल रोड, नागपूर

(माझं नाव छापू नये. त्यावरून आमच्या सालदाराची ओळख पटेल आणि त्याला ते नको आहे.)